झेंडूची माळ आणि माझी बोंब

मी गाडीतली स्क्रीन बोलतेय. स्टेअरिंगच्या डाव्या हाताला, दहा इंच रुंद. आजवर तुम्ही माझ्यावर बोटं दाबलीत, आज माझं ऐकून घ्या.

मला पुण्यातल्या एका थंडगार हॉलमध्ये घडवलं. तिथे गाडी नव्हती. नुसती खुर्ची, स्टेअरिंग आणि भिंतीवर पळणारा रस्ता. रस्त्यावर एकही माणूस आडवा येत नव्हता! मला सांगितलं गेलं, शहरातले सिग्नल तुझ्याशी बोलतील, पार्किंगची जागा आधीच कळवतील. मग मला जालन्याच्या कल्याणमामांच्या गाडीत बसवलं. परतूरच्या वाटेवरच्या वाटूर फाट्यावर माझ्याशी कोण बोलणार? तिथे सिग्नलच नाही.

मामा जालना ते परतूर भाड्याने गाडी चालवतात. मला घडवणाऱ्यांत त्यांची भाची तृप्तीही होती. गेल्या दसऱ्याला ती गावी आली होती. मामींनी गाडी धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि पुढे झेंडूची जाड माळ बांधली. मामांनी ती सकाळीच वाटूर फाट्यावर फुलं विकणाऱ्या साळूबाईंच्या टोपलीतून आणली होती. माळ नेमकी बंपरवरच्या माझ्या सेन्सरवर आली; तो गाडी हळू असतानाच जागा असतो. माझ्या लेखी ती भिंत होती. गाडी हळू झाली, की मी लाल होऊन ओरडायचे, ‘समोर अडथळा!’

दुपारी तृप्तीला परतूरला सोडायला निघालो. वाटूर फाट्याच्या गर्दीत गाडी हळू झाली आणि मी बोंब ठोकली.

“तृप्ते, हे तुम्हीच बनिवलं ना? मंग बंद कसं करायचं तेबी तूच सांग,” मामा वैतागले.

“सेटिंगमध्ये जा, मामा. मग सुरक्षा. मग... अंतर. नाही, त्याच्याआधी काहीतरी आहे.”

सहा पायऱ्या होत्या. सहा! आखणारीलाच आठवेनात. मामांचं बोट माझ्यावर, डोळेही माझ्यावर. त्याच वेळी साळूबाई टोपली घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मी ओरडले. खरंच ओरडले! पण माळेसाठी ओरडत होते त्याच आवाजात. कोण विश्वास ठेवणार?

“मामा, ब्रेक!” तृप्ती किंचाळली.

गाडी थांबली. साळूबाई आणि बंपर यांत एका हाताचं अंतर होतं. टोपली पडली, झेंडू डांबरावर घरंगळले.

साळूबाईंनी बॉनेटवर थाप मारली. “काय रं कल्याण, गाडी चालवून राह्यला का टीव्ही पाहून राह्यला? माझाच झेंडू लावून मलाच उडवून राह्यला!”

तृप्ती खाली उतरून फुलं वेचू लागली.

तिथूनच तिने कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “गाडीवाल्याला माळ काढायला सांगा.”

“सर, दसऱ्याला माळ निघणार नाही,” ती कडाडली. “चूक माळेची नाही, आपली आहे. आत्ता एक बाई मेली असती!”

मला त्या साहेबांचा अजून राग येतो. सहा पायऱ्यांचा जिना त्यांनी बांधून घ्यायचा आणि दोष फुलांना द्यायचा! पण तृप्तीने पिच्छा सोडला नाही. परत गेल्यावर तिने हॉलच्या त्या खुर्चीसमोरच्या सेन्सरवर माळ टांगली आणि साहेबांनाच खुर्चीवर बसवलं. तिथल्या स्क्रीनने अशी बोंब ठोकली, की दहा मिनिटांत ते कान धरून उठले.

पुढे माझ्यात बदल झाला. जी वस्तू गाडीबरोबरच चालते, तिच्यासाठी मी आता ओरडत नाही. नवं कोणी आडवं आलं, तरच ओरडते. आणि मला गप्प करायला स्टेअरिंगवरचं एक बटण पुरतं, न बघता अंगठ्याने दाबायचं.

यंदाच्या दसऱ्याला माळ पुन्हा लागली. जालन्यापासून मी गप्प होते. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! वाटूर फाट्यावर साळूबाई आडव्या आल्या, मी एकदाच टुण केलं. मामांचा पाय आधीच ब्रेकवर होता.

“आज बराबर समोर पाहून राह्यला!” साळूबाई म्हणाल्या.

“तुमचीच माळ हाय, मावशी.”

“दिसली मला. जा आता, गिऱ्हाईक आडवून राह्यला.”

आम्हाला आखणाऱ्यांनो, तुमची खुर्ची एकदा वाटूर फाट्यावर आणा. आणि गाडी चालवणाऱ्यांनो, माझ्याकडे बघू नका. समोर साळूबाई आहेत.