जात्याचा खुंटा

मंजुळा गेली तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. दिवसकार्य आटोपलं आणि धुळ्याला परत निघताना तिच्या आईने, भिकुबाईने, ओसरीवर उभं राहून जावयाला मुदत दिली.

"आखाजीलोंग वाट पाहासू, जवाईबुवा. पोर तुमना हाते वळणी तं ठेवा. नही तं मी तिले लई जासू. मन्ही आंडेर गयी, तिन्ही आंडेर वाया जाऊ देवाव नही."

हिलालने मान हलवली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पाचेक महिन्यांवर होती. कुंदा सहा वर्षांची होती आणि घरात आता तीच तेवढी उरली होती. तीही गेली तर संध्याकाळी दिवा कुणासाठी लावायचा, हे त्याला कळत नव्हतं.

पण पोर आवरत नव्हती. शेजारच्या सुगंधाबाईच्या मुलाच्या दंडाला चावली ती रक्त निघेपर्यंत. मळून ठेवलेलं पीठ तिने चुलीत टाकलं. पाण्याचा हंडा दोनदा लवंडला. हिलालने तिला दोनदा मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला नाही.

"पोर शे का कुत्रीनं पिल्लू?" सुगंधाबाई कुडावरून ओरडायची. "दात पाडी टाक तिना, हिलालभाऊ! तुन्हा लाड नडी राह्यनात!"

लाड. त्याने मुलीला आयुष्यात एकदा बत्तासे आणले होते, तेही जत्रेत शिल्लक राहिले म्हणून.

होळीच्या सुमारास शाळेतले रुपचंद गुरुजी त्याला पारावर भेटले. गुरुजी नुकतेच ट्रेनिंग करून आले होते आणि मुलांना छडी लावत नव्हते. गाव त्यांना हसत असे.

"मारू नका, हिलालभाऊ," गुरुजी म्हणाले. "ती चावली, काही फेकलं, की एक शब्द न बोलता उचलायची आणि बाजूला बसवायची. जिथे करमणूक नाही अशा जागी. दोनशे आकडे मोजायचे आणि परत बोलवायचं. दुसरं, रोज सकाळी वाटीत पाच चिंचोके ठेवायचे. एक खोडी केली की एक चिंचोका काढून घ्यायचा. संध्याकाळी जेवढे उरतील तेवढे शेंगदाणे नि गूळ द्यायचा."

"आणि सरले तं?"

"सरू द्यायचे नाहीत. चांगली वागली की एक परत टाकायचा. आणि बाजूला बसून आली की तिला जवळ घ्यायचं. ते अर्धं औषध आहे, विसरू नका."

हिलालने अर्धं औषध नीट ऐकलं. दुसरं अर्धं त्याला जमण्यासारखं नव्हतं. जवळ घेणं हे मंजुळाचं काम होतं. कुंदाचा चेहरा आईवर गेला होता, आणि ती जवळ आली की मंजुळाच समोर उभी राहायची. मग तो बैलांना पाणी दाखवायला उठून जायचा.

बाजूला बसवायला त्याने मधल्या खोलीचा कोपरा निवडला. अंधारी जागा. तिथे मंजुळाचं जातं होतं, बाकी काही नाही. गावात गिरणी येऊन दोन वर्षं झाली होती. गिरणीचं पीठ गरम होतं, त्याची भाकरी तडकते, म्हणून मंजुळा अखेरपर्यंत घरीच दळायची. आता जातं बंद पडलं होतं. बंद जात्यापाशी कुणाची करमणूक होणार?

पहिल्या दिवशी कुंदा एकदा कोपऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी तीनदा. आठवड्याभरात पाच-पाच वेळा जाऊ लागली. चिंचोके दुपारपर्यंत संपायचे. शेंगदाण्यांची पुरचुंडी तशीच फडताळात पडून राहायची. हिलाल दोनशे मोजून हाक मारायचा, तर ती यायची नाही. ओढून आणली की येताच काहीतरी फेकायची. एकदा तर तिने त्याच्याकडे बघत बघत ताटली खाली टाकली आणि आपणच उठून कोपऱ्यात जाऊन बसली.

"बठ्ठा गावनं हासू व्हई राह्यनं," सुगंधाबाई म्हणाली. "पोरले शिक्षा नि बापले मोजणी!"

आखाजीला बारा दिवस उरले असताना एका दुपारी त्याने घरघर ऐकली. आत जाऊन बघतो तो कुंदा दोन्ही हातांनी खुंटा धरून रिकामं जातं फिरवत होती. पाय पसरलेले, डोळे मिटलेले.

रिकामं जातं फिरवू नये, घरावर येतं, असं त्याची आई सांगायची. या घरावर आणखी काय यायचं राहिलं होतं, हे त्याच्या मनात आलं नाही. त्याला एवढंच दिसलं की मुदत संपत आली आणि पोर शिक्षेच्या जागीही खेळते आहे.

"चिंचोका कितला राह्यना?" त्याने विचारलं.

"एकबी नही."

"मंग आज हाऊ जाई." त्याने खुंटा उपटला. मंजुळाच्या हाताने गुळगुळीत झालेला तो लाकडाचा तुकडा त्याने आढ्याजवळच्या पाटईत, तुळईच्या फटीत, खोचून टाकला.

कुंदा रडली नाही. जात्याच्या रिकाम्या भोकात तिने बोट घातलं, काढलं आणि उठून बाहेर आली.

त्यानंतर ती चावली नाही. काही फेकलं नाही. सांगितलं की बसायची, वाढलं की जेवायची. संध्याकाळी वाटीत पाचही चिंचोके असायचे. हिलाल शेंगदाणे पुढे करायचा, ती घेऊन मुठीत ठेवायची आणि सकाळी ते तिच्या अंथरुणात सापडायचे.

"लागना बरं गुण!" सुगंधाबाई म्हणाली. "गुरुजी डोकावाला माणूस शे."

मंजुळा गेल्यापासून पहिल्यांदाच हिलालला त्या बारा दिवसांत नीट झोप लागली.

आखाजीला भिकुबाई सकाळच्या एस.टी.ने आली. गावातल्या सासुरवाशिणी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते, पोरींची गाणी ऐकू येत होती. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तशी मंजुळाची पहिली घागर घरात भरली होती, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवली होती. कुंदा घागरीजवळ गुडघे जुळवून बसली होती.

"पोर वळणी, मामी," हिलाल म्हणाला. "पहा. बसेल शे गुपचूप."

भिकुबाईने नातीकडे बराच वेळ बघितलं. "झोकावर नही गयी, बेटा?"

कुंदाने मान हलवली. मग आजीच्या कानाशी लागून, पण हिलालला ऐकू येईल अशी म्हणाली, "आजी, माले लई जाय."

हिलालला वाटलं, पोरीचा खेळ आहे. भिकुबाई उठून आत गेली आणि मधल्या खोलीतून तिचा आवाज आला. "जातानं खुंटा कोठे शे?"

त्याने सांगितलं. चिंचोके, कोपरा, सगळं सांगितलं.

म्हातारी दारात आली. "तुम्ही पहाटे गाडी जुपीसन जायेत, तुमले काय माहीत? हाई पोर रोज मायना मांडीवर डोकं ठीसन निजे. माय दळे, गाणं म्हने, आनि हाई निजे. तठेच. त्या कोपराम्हाच." ती खाली बसली. "आनि तुम्ही तिले तठे जावानी शिक्षा दिधी."

हिलालने शिडी लावली. पाटईतून खुंटा काढला, धोतराने पुसला आणि कुंदापुढे धरला.

तिने हात पुढे केला नाही. "कितला चिंचोका लागतीन, आबा?"

"एकबी नही, बेटा. तुन्हाच शे."

तिने फडताळातल्या वाटीकडे बघितलं. "मंग लिधा कसाले?"

त्याने खुंटा तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. दुपारच्या एस.टी.ने दोघी गेल्या. कुंदाच्या गाठोड्यातून खुंट्याचं टोक बाहेर आलं होतं. सगळ्या गावाच्या लेकी त्या दिवशी घरी आल्या होत्या.

चार दिवसांनी सुगंधाबाईने विचारलं, पडूनच आहे तर जातं मला देतोस का. तो बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

पारावर रुपचंद गुरुजी भेटले. "काय हिलालभाऊ, मुलीला गुण आला का?"

"आला," हिलाल म्हणाला. "आता घरात काहीच आवाज नाही."