चार टोप

पक्षाघाताच्या झटक्यानंतर गुरुदत्त परचुऱ्यांच्या तोंडात दोनच शब्द शिल्लक राहिले: चार आणि टोप. चहा पुढे केला की "चार टोप", पाठ पुसायला घेतली की "चार टोप", खिडकीशी कावळा आला तरी तेच. त्यांच्या बायकोने, वृंदाताईंनी, आधी एक टोप आणून दाखवला, मग शेजारणीकडून एक जास्तीचा मागून आणला आणि जेवणाच्या टेबलावर चार टोप ओळीने मांडले. "हे बघा, चार. आता ह्यांत काय करू, तेवढं सांगा." गुरुदत्तांनी ते डाव्या हाताने ढकलून दिले आणि हमसून हमसून रडायला लागले. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

त्यांची मुलगी कादंबरी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. डॉक्टरांचं बोलणं तिने नीट ऐकून घेतलं होतं. अशा आजारात कधीकधी एखादा शब्द रुतून बसतो, तोंड उघडलं की तोच बाहेर पडतो. त्यात अर्थ शोधू नका, असं ते म्हणाले होते. तिला ते पटत नव्हतं, आणि पटवून घेणं परवडणारंही नव्हतं. तिचा भाऊ विहंग बेंगळुरूहून सारखे फोन करत होता. आई पार दमली आहे, डमडमला एक बरं शुश्रूषागृह आहे, बाबांना काही कळतच नसेल तर आपण कुठे आहोत ह्याने त्यांना काय फरक पडणार, असं त्याचं म्हणणं.

"आणि कळत असेल तर?" तिने विचारलं.

"तसं मला सांग. मी परत विषय काढणार नाही."

त्याच आठवड्यात दिलीपबाबू भेटायला आले. ते गुरुदत्तांचे बँकेतले जुने सहकारी. बाहेर भेटले की कादंबरी त्यांना बंगाली रीतीने 'काकू', म्हणजे काका, म्हणे, आणि मिशीवाल्या काकू म्हणून वृंदाताईंना त्याचं कायम हसू येई. गुरुदत्तांनी त्यांच्याकडे पाहून नेहमीचे दोन शब्द उच्चारले, आणि दिलीपबाबू खुर्चीतून उठलेच. "अहो, हा मासे धरायला चल म्हणतोय!"

बंगालीत चार म्हणजे मासे जमावेत म्हणून पाण्यात टाकायचं खाद्य, आणि टोप म्हणजे गळाला लावायचं आमिष.

कादंबरी इथे बंगालमध्येच, बागबाजारात जन्मलेली, शाळेत बंगालीत शिकलेली. पण परचुऱ्यांच्या घरात चपला काढल्या की मराठीच बोलायचं, हा नियम होता आणि तो गुरुदत्तांनीच घातला होता. मुलांचं मराठी सुटू नये म्हणून ते ह्या बाबतीत फार कडक असत. त्यामुळे उंबऱ्याच्या आत ते दुसऱ्या भाषेत काही मागतील, हे मायलेकींच्या मनातही आलं नाही.

हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी दोघे मित्र डमडमच्या पलीकडे एका तळ्यावर जात. गुरुदत्त गांडुळाला हात लावत नसत, मुंग्यांच्या अंड्यांनाही नाही. त्यांचं आमिष म्हणजे पाव. कडा काढायच्या, आतला मऊ भाग किंचित ओला करून तुपाच्या बोटाने मळायचा. लागलेला मासा दिलीपबाबूंच्या घरी शिजे. ते गुरुदत्तांना 'शाकाहारी शिकारी' म्हणून चिडवायचे.

रविवारी तिघं टॅक्सीने त्या तळ्यावर गेले. वाटेत कादंबरीला हसू आवरत नव्हतं. दिलीपबाबूंनी चार म्हणून मोहरीच्या पेंडीचा भुगा पाण्यात टाकला, गळ तयार केला. कादंबरीने वडिलांच्या डाव्या हातात ओलसर पाव ठेवला. त्यांची बोटं हलली. अंगठ्याने दाबलं, वळवलं, पुन्हा दाबलं, आणि तळव्यावर हरभऱ्याएवढी गोळी तयार झाली. तिने ताबडतोब आईला फोन लावला. "आई, त्यांना कळतंय. सगळं कळतंय." पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला.

दिलीपबाबूंनी ती गोळी लावून गळ टाकला. मोरपिसाच्या देठाचा तरंगता तुकडा पाण्यात उभा राहिला.

इथे कादंबरी थांबली असती तर बरं झालं असतं. पण निष्कर्ष मनासारखा निघाला की तो मोडतो का ते आधी बघायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. तिने पाव, पाण्याची बाटली आणि एक खडा त्यांच्यापुढे ठेवून बंगालीत विचारलं, ह्यांतला टोप कुठला? त्यांनी बाटलीवर हात ठेवला. जागा बदलून पुन्हा विचारलं. त्यांनी खड्यावर हात ठेवला. मग तिने मराठीत विचारलं. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "चार टोप," आणि पाव तोंडात घातला.

तिने आपला रुमाल तळ्यात बुडवून, पिळून, त्यांच्या तळव्यावर ठेवला. अंगठ्याने दाबलं, वळवलं, पुन्हा दाबलं. त्याच तन्मयतेने, तसंच.

"गुरुदत्त, लागला!" दिलीपबाबू ओरडले. तरंगता तुकडा पाण्याखाली गेला होता, दोरी ताणली होती. गुरुदत्त पाण्याकडे पाहतही नव्हते. ते रुमाल मळत होते. दिलीपबाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि हातातली गळाची काठी खाली ठेवली. मासा आमिष घेऊन गेला.

परतताना टॅक्सीचा हॉर्न वाजला की गुरुदत्त मधूनच म्हणत, "चार टोप."

वृंदाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी केस नीट विंचरले होते. चारही टोप टेबलावरून गेले होते, आणि तिथे ताटलीत कडा काढलेला पाव होता. नवऱ्याला खुर्चीत बसवून त्या समोर वाकल्या आणि लग्न होऊन आल्यापासून कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. घरात, उंबऱ्याच्या आत, मोडक्या बंगालीत, टोप हवाय का म्हणून विचारलं, "टोप चाई?"

"चार टोप."

"बघ," त्या मराठीत म्हणाल्या, "कसे लगेच बोलले. मीच मूर्ख. इतके दिवस भांडी दाखवत बसले." मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या मुठीकडे गेलं. "हे काय धरलंय ह्यांनी?"

रुमालाचं ओलं टोक बोटांमधून बाहेर आलं होतं. त्या मूठ सोडवायला गेल्या, तर ती आणखी घट्ट झाली.

"राहू दे," कादंबरी म्हणाली. "टोप आहे तो त्यांचा."

वृंदाताई समाधानाने पाव कुस्करू लागल्या. विहंगचा फोन वाजत होता. कादंबरी तो घेऊन गॅलरीत गेली, आणि तो बोलायच्या आत म्हणाली, "तुझंच खरं होतं. पण आधी आईला इथून कुठेतरी ने. मग काय ते ठरवू."