लोखंडाची खांदशेकणी

सत्त्याण्णवच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अल्लीपूरला चंद्रभानजींच्या जुन्या जीपची बॉडी दुरुस्तीसाठी चेसिसवरून उतरवत होतो. गंजलेले बोल्ट हलेनात, माझं डोकं तापलं होतं. शेवटी ते सुटले आणि शेजारच्या गड्यांनी बॉडी उचलून कडुनिंबाखाली ड्रमांवर ठेवली. तिथे ती तरंगत असल्यासारखी दिसायला लागली. तिच्या खिडक्यांतून संध्याकाळचं पिवळं ऊन आरपार वाहत होतं. अंगणात उरली नुसती चेसिस, इंजिन आणि चाकं.

चंद्रभानजींनी बैल कधीचेच विकले होते. शेतातला कापूस आणि पोरीच्या लग्नाचं वऱ्हाड या जीपनंच ओढलं होतं. बॉडी टेकून टेकून चेसिस जिथे घासली गेली होती, तिथे त्यांनी हात फिरवला.

"नलू, हळद अन् तूप आन," त्यांनी बायकोला हाक मारली.

नलूबाई वाटी घेऊन आल्या. आज खांदशेकणी, गावभर लोक बैलांचे खांदे मळत होते, तशीच या दोघांनी पळसाच्या पानानं ती घासलेली जागा मळली. लोखंडाला तूप लावलेलं पाहून मला हसू येत होतं. मग चंद्रभानजी वाकले आणि बैलाच्या कानात सांगावं तसं इंजिनाशी हळूच बोलले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी माझे पाने-पक्कड गोळा करत म्हणालो, "काकाजी, सकाळीच येतो. उद्या बॉडी चढवून देतो."

"उद्या नाई," ते म्हणाले. "उद्या तिच्या खांद्यावर काई ठेवाचं नाई."