दाखवण्यापुरते मासे

चूक आधी माझी होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ अजून फुटला नव्हता तेव्हा, शहरातल्या शिक्षण कार्यालयातून मेरेडिथ नावाची बाई आमच्या गावी आली. उन्हाळी शिबिराचं काम तिच्याकडे नवीनच आलं होतं. शिबिर मात्र जुनं. नऊ वर्षांपूर्वी आम्ही चार म्हाताऱ्यांनी ते सुरू केलं. जुलैमध्ये दोन आठवडे, अकरा मुलं आमच्या वस्तीतली, म्हणजे कॅनडातल्या क्री आदिवासींची, आणि अकरा सास्काटून शहरातून बसनं येणारी, बहुतेक गोरी. सगळ्यांनी तळ्याकाठी तंबूत राहायचं, जाळी टाकायची, लाकडं फोडायची, बेरी वेचायच्या. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. चार भिंतींत ज्या मुलांनी वर्षभर तोंड उघडलं नाही, ती इथे तिसऱ्या दिवशी मला वल्हं कसं धरायचं ते सांगायला लागतात.

मेरेडिथनं गावच्या सभागृहात आम्हाला नियमांची फाइल वाचून दाखवली. त्यात एक कलम होतं. मुलांना फक्त दुकानातून आणलेलं, तपासलेलं अन्न द्यायचं. तळ्यातले मासे दाखवण्यापुरते. पकडून दाखवायचे, कापून दाखवायचे, मग कचऱ्यात. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, कुणाची काही हरकत?

आम्ही चौघंही गप्प बसलो. अ‍ॅग्नेसनं, आमच्यातल्या सगळ्यांत थोरलीनं, खिडकीबाहेर पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. आमच्यात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. आपण गप्प बसायचं, समोरच्यानं ओळखायचं आणि विषय सोडून द्यायचा. चार म्हातारी माणसं एकाच वेळी गप्प बसली, यापेक्षा मोठ्यानं नाही कसं म्हणतात मला माहीत नाही. मेरेडिथनं फाइलीत लिहिलं: ज्येष्ठांची संमती.

ती लिहीत होती तेव्हा मला उलट्या बाजूनं अक्षरं दिसत होती. शाळामास्तर आहे मी. तरी म्हटलं, जुलैत बघू.

जुलैत शायलीन आली. बारा वर्षांची. क्रीच, पण शहराच्या बसमधून उतरली. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. सरकारी माणसांनी तिला उचलून सास्काटूनच्या एका गोऱ्या घरात ठेवलं. घर वाईट नसावं. कपडे स्वच्छ होते, दात नीट होते. पण वस्तीतल्या पोरांनी तिला क्रीमध्ये काही विचारलं की ती बुटांकडे बघायची. पोरांनी लगेच तिचं नाव पाहुणी ठेवलं. पोरं सगळ्यांचीच नावं ठेवतात. सास्काटूनच्या कीरनचे वडील दातांचे डॉक्टर, तर त्याला दुपारपर्यंत दात म्हणायला लागले होते, आणि तो हाक मारली की जबडा वासून दाखवायचा. शायलीनला असलं काही जमेना. ती तीन दिवस होडीत उलट्या तोंडानं बसली.

चौथ्या दिवशी तिनं मला विचारलं, कुरव पक्षी रोज त्याच खडकावर का बसतात. मी म्हटलं, मला काय विचारतेस, त्यांना विचार. माझी शिकवण्याची पद्धत एवढीच आहे. प्रश्न परत द्यायचा आणि थांबायचं. दुसऱ्या सकाळी ती सांगत आली की खडकाच्या पलीकडे पाणी एकदम काळं होतं, म्हणजे तिथे खोल असणार, आणि मासे त्या कडेनं जात असणार. मला तिथे जाळं टाकावं असं आयुष्यात वाटलं नव्हतं. तिनं खालच्या दोरीला दगड बांधले, तरंगे लावले, जाळं सोडलं. मी फक्त वल्हवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्यात नऊ व्हाइटफिश मासे होते. प्रत्येक माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब.

परत येताना होडीत मी तिला आमची रीत सांगितली. माणसाच्या हातची पहिली शिकार, मासा असो की मूससारखं मोठं हरीण, त्यातला घासभरही स्वतः खायचा नाही. सगळी वाटून टाकायची. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आधी, आणि त्याला डोकं. दुसऱ्या खेपेचं मात्र आपलं, ते पोटभर खायचं.

"माझ्या आईनं पण वाटले होते का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, वाटलेच असणार, पण ते अ‍ॅग्नेसला विचार. अ‍ॅग्नेस तिच्या पणजीची धाकटी बहीण लागते. शायलीनला हे माहीत नव्हतं. तिला तिकडे कुणी सांगितलंच नव्हतं. ती उरलेला वेळ माशांकडे बघत राहिली आणि पुटपुटत मोजत राहिली, कुणाला कोणता.

मासे तिनं एकटीनं साफ केले. दोन तास लागले. कीरन मदतीला आला तर त्याला नुसतं पाणी आणायला लावलं. तो म्हणाला, दवाखान्यात बाबापण मला एवढंच करू देतात. ती हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. सगळे मासे फळीवर ओळीनं मांडून झाले तेव्हा मेरेडिथ आली. तिनं फोटो काढले, टाळ्या वाजवल्या, मनापासून शाबासकी दिली. ती वाईट बाई नाही, हे मला आजही मान्य आहे. मग तिनं खिशातून कचऱ्याची काळी पिशवी काढून झटकून उघडली आणि म्हणाली, चला, आता अस्वलं यायच्या आत आवरून टाकू.

शायलीननं माझ्याकडे पाहिलं.

मी तळ्याकडे पाहिलं. सत्तर वर्षांची सवय. मी गप्प झालो आणि वाट बघत राहिलो, आता मेरेडिथला कळेल, आता कळेल. शेकोटीपाशी बसलेली अ‍ॅग्नेसही गप्प होती. मेरेडिथनं पहिला मासा उचलून पिशवीत टाकला. मग दुसरा. ओला मासा प्लास्टिकमध्ये पडल्याचा आवाज मी विसरणार नाही.

"मुशुम," शायलीन म्हणाली. मुशुम म्हणजे आजोबा. आल्यापासून पहिल्यांदाच तिनं मला तसं म्हटलं. "तुम्ही काहीच बोलत नाही. म्हणजे असंच करायचं असतं ना?"

ती टोमणा मारत नव्हती. शिकत होती. शहरात वाढलेली पोर. गप्प म्हणजे हो, हेच तिला ठाऊक. आणि मी तिला पाच दिवस शिकवत होतो की म्हातारं माणूस करतं ते नीट बघ. माझ्या छातीत जे पेटलं ते मेरेडिथवर कमी आणि माझ्यावर जास्त होतं. त्या सभागृहात टेबलाकडे बघत बसलेला मी. ही पोर तीन वर्षांची असताना तिला गाडीत घालून नेलं, तेव्हा फाटकाशी उभी असलेली आमची सगळी वस्ती. तेव्हाही आम्ही गप्प होतो. त्यांनी तेव्हाही कुठल्यातरी कागदावर संमती लिहिली असेल.

"नाही," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं की लाकडं फोडणारी पोरं थांबली. "मेरेडिथ, पिशवी खाली ठेव."

"हॅल्केटसर, हे तुम्ही सगळ्यांनी मान्य केलंय. माझ्याकडे लेखी आहे."

"आम्ही मान्य केलं नव्हतं. आम्ही गप्प होतो."

"मग बोलायचं होतं ना. मला कसं कळणार?"

तिचं बरोबर होतं, आणि त्यानं मला आणखी राग आला. मी म्हटलं, हो, चुकलं माझं, म्हणून आता बोलतोय. ती शांतपणे समजावायला लागली. एखाद्या मुलाचं पोट बिघडलं तर जबाबदार ती, तिची नोकरी जाईल, कार्यालय पैसे थांबवेल. मी म्हटलं, "तुझ्या बसमधल्या मुलांना देऊ नकोस. त्यांच्या आईबापांनी तुझ्यावर सोपवलंय. पण मासे हिचे आहेत. कुणाला द्यायचे ते ही ठरवेल. आम्ही पाच हजार वर्षं या तळ्यातलं खाऊन जिवंत आहोत, आणि तू आम्हाला ते कसं फेकायचं ते शिकवायला आलीस?"

"मला हे कळवावं लागेल, सर. शिबिर बंद करतील."

"कळव. माझं नाव पूर्ण लिही."

मी पिशवीत हात घातला, दोन्ही मासे काढले, तळ्यात धुऊन शायलीनच्या फळीवर परत ठेवले.

मासे जाळावर भाजले. पहिलं डोकं शायलीननं दोन्ही हातांनी अ‍ॅग्नेससमोर धरलं. अ‍ॅग्नेसनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"वाकडं कापलंस," ती म्हणाली. "तुझी आई असंच वाकडं कापायची. कितीदा शिकवलं तिला." आणि तिनं गालाचं मांस बोटानं काढून खाल्लं. तिला दात नाहीत, तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ शायलीन जागची हलली नाही.

मग ती वाटत फिरली. बाकीच्या दोघा म्हाताऱ्यांना, मला, वस्तीतल्या पोरांना. शहरातली दहा मुलं फ्रीजमधून काढून उकडलेले सॉसेज हातात घेऊन उभी होती. कीरन म्हणाला की आमच्या घरी दर शुक्रवारी मासाच असतो, पण मेरेडिथनं नकारार्थी मान हलवली, आणि बसमधल्या मुलांना देणार नाही असा मी शब्द दिला होता. शेवटचा तुकडा ताटलीत घेऊन शायलीन मेरेडिथपुढे जाऊन उभी राहिली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. नियम मुलांसाठी होता, मोठ्या माणसांसाठी नव्हता, हे तिनंच हेरलं.

मेरेडिथ ताटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी कामावर आहे, शायलीन. सॉरी." आणि फोन लागतो त्या टेकडीकडे चालायला लागली.

एवढा अपमान मी कुठल्याही कार्यालयात सोसलेला नाही, आणि कार्यालयं मी पुष्कळ पाहिली आहेत. शायलीननं तो तुकडा अ‍ॅग्नेसला नेऊन दिला. अ‍ॅग्नेस म्हणाली, बरं झालं, मला अजून भूक होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बस आली. पाच दिवस आधीच. शायलीनचं दुसरं जाळं तेव्हा पाण्यात होतं. मी ड्रायव्हरकडे अर्धा तास मागितला. तो मेरेडिथकडे बघायला लागला, मेरेडिथ घड्याळाकडे. तिनं रस्ता लांबचा आहे म्हटलं. शायलीन बसमध्ये चढली आणि खिडकीशी हाताची घडी घालून बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दोन खेपांमध्ये तिनं व्हाइटफिशचा एक कणही चाखला नव्हता.

बस गेल्यावर उरलेल्या अकरा पोरांना घेऊन मी जाळं ओढलं. सात मासे. पोरांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, यातला एकही आपला नाही. पॉपलरच्या लाकडाच्या धुरावर आम्ही ते चार दिवस वाळवले.

पुढच्या आठवड्यात सास्काटूनहून तिच्या घरच्या बाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. त्या म्हणाल्या, तिकडे नक्की काय झालं? पोरगी जेवायला बसली की एकच सांगते, माझे मासे राहिलेत तिकडे. मी त्यांना सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी मात्र आता कुणाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत नाही. मी सरळ विचारलं, आणून दिले तर खाऊ द्याल का?

त्या हो म्हणाल्या.

सहा तासांचा रस्ता आहे. मासे कापडात बांधून शेजारच्या सीटवर ठेवलेत. शिबिर पुढल्या वर्षी होणार नाही असं कार्यालयाचं पत्र आलंय, त्यावर मी काय लिहायचं ते वाटेत ठरवीन. सभ्य शब्दांत ते मावणार नाही. आधी तिच्यासमोर बसेन, आणि तिचं पोट भरेपर्यंत उठणार नाही.