थापीची सुट्टी

दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय आपल्याकडे घेणे हा उघड अन्याय आहे. तो दिसतो, म्हणून त्याचे परिमार्जनही करता येते. परंतु ज्या हातावाचून आपले पान हलत नव्हते, त्या हाताला 'आता तू विश्रांती घे' असे प्रेमाने सांगण्यातही अन्याय असू शकतो, हे सांगणाऱ्याच्या ध्यानी सहसा येत नाही. एका कुंभाराच्या हातून एका उन्हाळ्यात असेच घडले. तो मनाने दुष्ट नव्हता, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

कलावंतांसाठी चालवलेल्या एका निवासात त्याला, त्याच्या पत्नीला आणि लेकीला उन्हाळाभरासाठी दोन पांढऱ्या खोल्या व एक प्रशस्त कार्यशाळा मिळाली होती. त्यांच्या घरी मडके दोन बैठकांत सिद्ध होत असे. चाकावरून कुंभार उतरवी ते जाड भिंतीचे, रेखीव गळ्याचे आणि खालून उघडे. ते सावलीत किंचित सुकले की पत्नी मांडीवर घेई. आतून दगडी गोटा, बाहेरून लाकडी थापी. ती ठोकत जाई तसतसे पोट फुगे, भिंत पातळ होई आणि बूड मिटे. माती फार ओली असली तर बसते, फार सुकली तर तडकते. या दोहोंमधला अल्प काळ तिचा असे. लेक लहानपणी रडत आली तरी तिला सांगितले जाई, "थांब, आईची वेळ चालू आहे."

पहिलीच मडकी सुकत ठेवली होती, तेव्हा निवासाच्या संचालिका आल्या आणि ओणवून बराच वेळ पाहत राहिल्या.

"ही अशीच ठेवता येतील का?" त्या म्हणाल्या. "तोंड आहे, गळा आहे, आणि आत पाहावं तर थेट जमीन दिसते."

"मॅडम, ही अजून व्हायची आहेत. पुढचं हिच्याकडे असतं."

"ते कळतं मला. पण या उन्हाळ्यापुरतं असंच भाजून पाहू या? तुम्ही सांगाल तसं."

कुंभाराने पत्नीकडे पाहिले. ती गोट्याला लावायची राख चाळत होती. त्याचे पाहणे हा प्रश्नच होता, पण उत्तर येण्याआधी तोच म्हणून गेला, "चालेल की."

संध्याकाळी पत्नीने विचारले, "अहो, पण त्यात ठेवायचं काय?"

"आई, त्यात विचार ठेवतात," लेक म्हणाली.

"मग तोही खालून गळून जायचा."

सर्वांत मोठ्याने कुंभारच हसला. "तू घे गं जरा विश्रांती. जन्मभर ठोकत आलीस. थापीला सुट्टी समज."

"सुट्टीच की," ती म्हणाली, आणि थापी पुसून कापडात गुंडाळून ठेवली.

उन्हाळा चढत गेला. कुंभाराचा हात कधी नव्हे इतका मोकळा चालू लागला. पाहुणे येत, स्तुती करीत, आणि ती खोटी नसे. पत्नी स्वच्छ खोली पुन्हा झाडी. रोज त्या विशिष्ट वेळी मात्र ती कार्यशाळेत येई, बोटाच्या पाठीने एखाद्या मडक्याला स्पर्श करी, "आत्ता," असे स्वतःशीच पुटपुटे आणि परत जाई. कुंभाराला ते ऐकू येई. चाक फिरत राही.

प्रदर्शनाच्या दिवशी एका वृद्ध पाहुणीने तिला आपुलकीने विचारले, "तुम्हीसुद्धा यातलं काही करता का हो?"

"नाही. मी यांच्याबरोबर आले आहे."

कुंभार शेजारीच उभा होता. तिच्या स्वरात टोमणा असता तर त्याला सोसला असता; पण तिने ते सरळ, खरे म्हणून सांगितले होते.

निघण्याच्या दिवशी सकाळी त्याने कोणाला न सांगता चाकावर एक मडके उतरवले आणि सावलीत ठेवले. तोच संचालिका निरोप द्यायला आल्या. त्यांच्यासोबत आणखी चार जण. बोलणे लांबले. ते गोड होते, आणि कुंभार उठला नाही. तो परतला तेव्हा वारा सुटला होता.

मडके दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरून तो म्हणाला, "घे. हे तुझं."

तिने बोटाची पाठ लावली. "वेळ गेली याची."

"ओलं फडकं गुंडाळू."

"वरचं भिजेल. आतलं नाही."

"तरी एकदा बघ ना."

त्याने मागितले म्हणून तिने कापड सोडून थापी बाहेर काढली, गोटा आत धरला आणि हलकेच ठोकले. गळ्यापासून खालपर्यंत तडा गेला.

"बाबा, दुसरं करा की," लेक हळूच म्हणाली.

"चाक बांधलं गं," कुंभार म्हणाला. गाडी दाराशी उभी होती.

पत्नीने तुकडे गोळा केले आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे नेले.

"आता कशाला भिजवतेस? आपण तर निघालो."

"माती कच्चीच आहे, वाया कशाला घालवायची? येईल कुणाच्या तरी कामाला. मोठे तुकडे फोडा, नाहीतर लवकर विरायचे नाहीत."

तो तिच्याशेजारी बसला आणि सांगितल्याप्रमाणे एकेक तुकडा बारीक करून पाण्यात सोडू लागला.

ती माती पुढे ज्याच्या हाती येईल, त्याचे कल्याण असो. आणि ती दोघे जेथे असतील तेथे, एकाने घातलेली साद दुसऱ्याला वेळेवर ऐकू येवो.