तिसऱ्या तासाची पोटदुखी

माझ्यावर आजवर कोणी हौसेने आडवं झालेलं नाही, मित्रांनो. मी एका शाळेच्या आजारी खोलीतली लोखंडी खाट आहे. आता माझं वय झालं. रंगाचे पोपडे निघालेत, मधली पट्टी खाली बसलीय आणि कोणी कूस बदलली की मी कुरकुरते.

मूळची मी इस्पितळासाठी बनले होते. पण ज्या वेल्डरने मला जोडलं, त्याच्या हातून माझा एक पाय आखूड कापला गेला. इस्पितळाच्या माणसाने मला हलवून पाहिलं आणि नको म्हणून सांगितलं. "मग शाळेला देतो. पोरांना काय कळतंय," असं वेल्डर म्हणाला, आणि मी इथे आले. आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून सिस्टरने मला जिन्याशेजारच्या खोलीत, खिडकीखाली उभं केलं.

सिस्टर म्हणजे शाळेची परिचारिका. अंगाने ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की जिन्यावर धावणारी पोरं जागच्या जागी थबकत. तिने बावीस वर्षं इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात काढली होती. तिच्या कोटाच्या एका खिशात सेफ्टी पिना असत, दुसऱ्यात बिस्किटं.

ती सुरुवातीची वर्षं किती साधी होती! कोणाचा गुडघा फुटलेला, कोणाचा घोळणा फुटलेला, कोणाला ताप. औषध लावताना मुलं भोकाड पसरायची आणि दहा मिनिटांत मैदानात पळायची. पालक सिस्टरला म्हणायचे, "तुम्ही आहात म्हणून आम्हाला घोर नाही." शाळेच्या माहितीपत्रकात माझा फोटोसुद्धा छापला होता. मी फुशारले होते, खोटं कशाला सांगू?

मग हळूहळू माझ्याकडे येणारी मुलं मोठी होत गेली. आठवीतली, नववीतली, दहावीतली. त्यांचं रक्त दिसत नसे. एक मुलगा यायचा आणि उशीला डोकं टेकताच मेल्यासारखा झोपायचा, कारण घरी पांघरुणाखाली त्याचा फोन त्याला झोपू देत नसे. एक मुलगी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा स्वेटर काढायला तयार नव्हती; सिस्टरने दार लावून घेतलं, बाह्या वर केल्या आणि बराच वेळ तिला नुसती जवळ घेऊन बसली. दंड फुगावेत म्हणून कसलीशी पावडर खाऊन आलेला एकजण माझ्यावरच ओकला. सिस्टर थर्मामीटर झटकायची आणि पुटपुटायची, "ताप नाही म्हणे. पोर आतून नुसतं पेटलंय."

यातच ती आली. नववीतली, किरकोळ अंगाची, नखं कुरतडून लाल केलेली. पहिल्या दिवशी म्हणाली, पोट दुखतंय. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभराने सिस्टरच्या ध्यानात आलं की पोट नेमकं तिसऱ्या तासालाच दुखतं. तेव्हापासून मुलगी दारात दिसली की सिस्टर म्हणायची, "आला का माझा तिसरा तास? ये, पड."

तिसरा तास गणिताचा. शाळेत दर शनिवारी परीक्षा व्हायची आणि सोमवारी जिन्यासमोरच्या मोठ्या फळ्यावर सगळ्या वर्गाची नावं क्रमाने लिहिली जायची. तिचं नाव आधी तिसरं असे. मग अकरावं झालं, मग सव्विसावं. ज्यांची नावं खाली आली, त्यांना गणिताचे सर उभं करत. "उठा, घसरगुंडीवाले," असं ते हसत हसत म्हणत. वर्ग खो खो हसायचा. सरांचा त्यात काही वाईट हेतू नव्हता, असं सगळेच म्हणत. त्यांना विनोदाची आवड होती.

एकदा ती आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. हात माझ्या दांडीला आवळलेले, आणि श्वास असा, जणू कोणी पाठीमागे लागलंय.

"सिस्टर, माझ्या छातीत काहीतरी होतंय. बोटांना मुंग्या आल्यात. मी मरतेय का?"

"नाही गं बाळा. माझ्याकडे बघ. माझ्याबरोबर श्वास घे. हळू. अजून हळू."

पंधरा-वीस मिनिटांनी तिचा श्वास जागेवर आला. छताकडे पाहत ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही असं सगळे म्हणतात. मग हे जे होतं ते काय असतं?"

"सगळे म्हणजे कोण?"

"सर. बाबा. वर्गात तर मला पोटदुखीच म्हणतात. हजेरीच्या वेळी मागून कोणीतरी ओरडतं, पोटदुखी हजर."

"डबा खाल्लास?"

ती नख कुरतडू लागली. पोट भरलं की झोप येते आणि झोप आली की अभ्यास होत नाही, म्हणून तिने दुपारचं जेवण सोडलं होतं. मग सकाळचंही सोडलं. सिस्टरने बिस्किटं पुढे केली. तिने एक घेतलं, अर्धं मोडलं आणि उरलेलं अर्धं कोणाचं उष्टं असावं तसं परत ठेवलं.

सिस्टरने घरी फोन केला. आई आली. ती एका कुरिअरच्या कचेरीत कामाला होती, अंगावर गणवेश तसाच, हातात रिकामी पिशवी. माझ्या पायथ्याशी अवघडून बसली आणि भरभर बोलू लागली. "हिला आम्ही काय कमी केलंय, सांगा. वेगळी खोली दिली. टीव्ही बंद केला. नातेवाईकांकडे जाणं बंद केलं. विचारलं तर काही नाही म्हणते."

"काय विचारता तुम्ही?" सिस्टरने विचारलं.

"काय म्हणजे? किती पडले, ते."

"आणि?"

आईने मुलीच्या पावलावर हात ठेवला. मुलीने पाऊल मागे घेतलं नाही, हे मी पाहिलं. सिस्टरने एका डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. "हे मनाचे डॉक्टर आहेत. चांगला माणूस आहे. एकदा जाऊन या," ती म्हणाली. आईने मान हलवली.

चार दिवसांनी मुलगी आली ती एकटीच.

"गेलात का गं?"

"बाबा म्हणाले, माझी मुलगी वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणार नाही. चिठ्ठी त्यांनी घडी करून खिशात ठेवली."

"आणि आई?"

"आई आधी बोलली. मग नाही बोलली."

मित्रांनो, इथवर सारं सावरता आलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण त्याच सुमारास मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सिस्टरची नोंदवही घेऊन खोलीत आल्या. त्या दुष्ट नव्हत्या. निकाल घसरला की संस्थेचे लोक त्यांनाच फैलावर घेत.

"सिस्टर, गेल्या महिन्यात या खोलीत चौसष्ट मुलं येऊन झोपली. निम्मी गणिताच्या तासाला. आमच्या वेळी शाळेत कुठे होती खाट? कोणाचं पोट दुखत नव्हतं."

"दुखत होतं, बाई. सांगायला जागा नव्हती."

"तेच म्हणतेय मी. जागा आहे म्हणून दुखतंय."

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी दुखण्याचा दोष मला दिला होता. सिस्टर बरंच बोलली. एकेका मुलाचं नाव घेऊन बोलली. मोठ्या बाई घड्याळ पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोन शिपायांनी मला उचललं. पुठ्ठ्याची घडी तिथेच राहिली. मुलींच्या स्वच्छतागृहाला लागून एक अडगळीची खोली आहे. तिथे मला मोडक्या बाकांच्या मागे भिंतीला उभं करून ठेवलं. आजारी खोलीत जादा तास सुरू झाले. सिस्टरला वह्या आणि गणवेश विकायच्या खिडकीवर बसवलं. बावीस वर्षं वॉर्डात पोरं राखलेली बाई मोज्यांची मापं विचारत बसली.

त्यानंतरच्या सोमवारी फळ्यावर नवी नावं लागली. तिसऱ्या तासाला मला तिची पावलं ऐकू आली. तिची चाल मी ओळखत होते. जिन्याची शेवटची पायरी ती नेहमी दोन्ही पाय एकदम टाकून उतरायची. ती जुन्या आजारी खोलीच्या दारापाशी थांबली असणार. आतून दुसऱ्याच कुठल्या सरांचा आवाज आला, "कोण पाहिजे?" तिने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मग पावलं माझ्या दिशेने आली. स्वच्छतागृहाची कडी लागली.

भिंतीपलीकडे तिचा तो श्वास सुरू झाला. आमच्यामध्ये वीतभर वीट होती. मी अंथरलेली असते, सिस्टर जवळ असती, तर वीस मिनिटांचं काम होतं. श्वास तुटत गेला. मग काहीतरी आपटलं, आणि नळाची धार तेवढी वाहत राहिली.

दोन तास ती तिथे पडून होती. पुढचं काही मी भिंतीआडून ऐकलं, काही मागाहून कळलं. वर्गात तिची चौकशी झाली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "पोटदुखी झोपायला गेली असेल." वर्ग हसला.

झाडणाऱ्या मावशींनी कडी तोडली आणि अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यांवरचे तास थांबले. सिस्टर खिडकी उघडी टाकून, चपला टाकून धावत आली. मुलीची भुवई बेसिनच्या काठावर आपटून उघडी पडली होती. शुद्धीवर येताना ती पहिल्यांदा काय म्हणाली, सांगू? "किती वाजले? माझा तास बुडाला का?"

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, चेहरा पार उतरलेला. सिस्टरने मुलीच्या कपाळावरचा रुमाल काढला. रुमालातून रक्त टपकत होतं. "आता दिसतंय ना सगळ्यांना, कुठे दुखतंय ते?" ती म्हणाली.

भुवईला सात टाके पडले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी आईला सांगितलं की पोरीच्या पोटात तीन दिवस चहाशिवाय काही नव्हतं. ती या शाळेत पुन्हा आली नाही. पुढच्या सोमवारी शिपायाने ओल्या फडक्याने फळ्यावरून तिचं नाव पुसलं आणि खालच्या प्रत्येकाचा क्रमांक एकाने वर सरकला. एका मुलीच्या घरी त्याचं कौतुकही झालं म्हणे.

मग बैठका झाल्या. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. सिस्टरच्या नोकरीची मुदत संपली होती, ती वाढवली नाही. तिने मोठ्या बाईंशी उद्धट वर्तन केलं, असं कागदावर आलं. आणि मला अडगळीतून काढून आकाशी रंग दिला, नवी चादर घातली आणि जुन्या जागी परत आणून ठेवलं. दारावर पाटी लागली, 'समुपदेशन कक्ष'. भिंतीवर हसऱ्या मुलांचं मोठं चित्र लागलं. उद्घाटनाला पाहुणे आले, माझ्या काठावर बसून त्यांनी फोटो काढून घेतले. समुपदेशक बाई मात्र अजून नेमायच्या आहेत. आत यायचं तर एक अर्ज भरावा लागतो. त्यावर पालकांची सही, वर्गशिक्षकांची सही, आणि आजाराचं कारण. किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलात असते.

अर्ज आजवर एकही आलेला नाही. त्यावरून शाळेत आता कोणालाच त्रास नाही, असा अहवाल गेला आहे. खोली कोरडी असल्याने शनिवारच्या उत्तरपत्रिका इथेच ठेवतात. हल्ली माझ्यावर गठ्ठे झोपतात. ते कूस बदलत नाहीत.

मध्यंतरी सिस्टर आपला अनुभवाचा दाखला न्यायला आली होती. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावली. गठ्ठे तिने पाहिले. मावशींशी दारातच बोलत उभी राहिली. तिच्या बोलण्यातून कळलं की मुलगी दुसऱ्या शाळेत नाव घालून आहे, एक वर्ष मागे. दर मंगळवारी आई अर्धी रजा टाकून तिला त्याच डॉक्टरांकडे नेते. आता ती अर्धीअधिक पोळी खाते. बाबा गाडीने सोडायला येतात, पण वर चढत नाहीत. खाली गाडीतच काच वर करून बसतात.

"बरी होईल ना हो ती?" मावशींनी विचारलं.

"होईल. पण आधी तिला इतके महिने कोणीही खोटारडी म्हणून गेलं, ते कशाने बरं करायचं?" सिस्टर म्हणाली आणि दाखल्याचा कागद पिशवीत सरकवून निघून गेली.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला रागावून काही साधत नाही. पण तुम्ही कधी आई व्हाल, कधी बाबा, कधी सर, आणि आज तर वर्गातल्या मागच्या बाकावर तुम्हीच बसलेले आहात. जवळचं कोणी दुखतंय म्हणालं तर आधी खरं माना. किती पडले ते नंतर विचारा. नाही विचारलंत तरी चालेल. आणि तुमचंच दुखत असेल, तर एकाने हसण्यावारी नेलं म्हणून गप्प बसू नका. दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा.

काल तिसऱ्या तासाला दहावीतली एक उंच मुलगी या दारापाशी आली; दाराच्या काचेतून मला दिसली. तिने दाराची मूठ फिरवून पाहिली. मग बाहेर लावलेला अर्जाचा नमुना तिने वरपासून खालपर्यंत वाचला, पोटावर हात दाबून धरला आणि परत वर्गाकडे गेली. कोणत्या वर्गात, ते मला भिंतीआडून कळलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या तरी शेजारीच ती बसत असेल.