पावण्यांपुरतं पाणी

हैबतरावांनी दुसरा तांब्या पायांवर ओतला आणि तिसऱ्यासाठी तो नळाखाली धरला, तेव्हा पुतळीबाईच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. डोळे मात्र तोटीवर होते.

"धुवा, सावकाश धुवा," ती म्हणाली. "लय धुरळा हाय रस्त्याला."

हैबतरावांना हे सांगायची काही गरज नव्हती. मुलीकडची माणसं स्थळ बघायला आली होती आणि मुलीचे थोरले चुलते म्हणून ते पुढारपण घेऊन आले होते. अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून. निडीहून गाडीने कासूला आणि कासूहून मिनीडोर रिक्षाने खारशेतला, एवढ्या प्रवासात पायाला जी काय धूळ लागली असेल ती पहिल्या तांब्यातच गेली होती. आता ते हौसेने धूत होते. आधी घोटे, मग टाचा दगडावर घासून, मग उगीचच पोटऱ्या. नळ तोवर चालूच. चूळ भरून त्यांनी लांब पिचकारी मारली. आटोपलं बाई एकदाचं, असं पुतळीबाईला वाटलं न वाटलं तोच त्यांनी वाकून चपला उचलल्या आणि त्याही धुवायला घेतल्या.

समोरच्या शांतीच्या खिडकीतला पडदा हलला. चपलांवरून वाहून चाललं होतं त्यात शांतीच्या घरचंही पाणी होतं.

"पानी गोड हाय हां तुमचं," हैबतराव म्हणाले. "आमाला कोन कोन सांगत होते, खारेपाटात पान्याची बोंब हाय म्हणून."

"लोकांना काय, जीभ हाय म्हणून हलवतात," काळुराम म्हणाला. काळुराम म्हणजे पुतळीबाईचा नवरा. त्याचा जन्म मिठागरात गेला, खोटं बोलायचे प्रसंग फारसे आले नाहीत, त्यामुळे बोलताना तो जमिनीकडे बघत होता.

शेवटी त्यांचा पोरगा शिवाच पुढे झाला. नवऱ्यामुलाने असं पुढे पुढे करू नये, पण त्याला राहवलं नाही. "नळ जरा सैल हाय, मी बंद करतो," म्हणत त्याने तोटी आवळली. नव्या शर्टाची बाही भिजली. ती तो बराच वेळ दुसऱ्या हाताने दाबत उभा राहिला.

तोटीतून पाणी पडत होतं हे खरं, पण ते नळाचं नव्हतं. पंचायतीचा नळ अंगणात येऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याला चार-पाच दिवसांनी कधीतरी पहाटे पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. पाइपलाइनच्या वाटेवरची सगळी गावं आपापली भांडी भरून घ्यायची आणि उरलं तर खारशेतला. वैशाखात उरतच नसे. मग टँकर, तोही ज्या दिवशी ड्रायव्हरच्या मनात येईल त्या दिवशी. गावाच्या तीन अंगांना खाडी, भरतीला पाणी बांधाला येऊन टेकायचं, आणि तोंडात घालायला घोट नाही. हे बघत बघतच पुतळीबाईचे केस पांढरे झाले होते.

शिवा धाटावला कंपनीत होता. नोकरी पक्की, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं. पोरगा पसंत, घर पसंत, पगार पसंत, इथपर्यंत सगळं यायचं. मग कोणीतरी विचारायचं, पाणी कसं हाय? तिथे बोलणं थांबायचं.

टाकीची युक्ती शांतीची. "पावने बसून बसून किती येल बसनार? तेवढा येल नळ चालला म्हंजे झाला," ती म्हणाली होती. शांतीचाही पोरगा लग्नाचा होता आणि पुढच्या रविवारी तिच्याकडेही माणसं यायची होती. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, असं दोघींचं ठरलं. वरच्या आळीत एकाच्या घराचं काम निघालं होतं, त्याची काळी टाकी उसनी आणली. शिवाने ती मागच्या पडवीच्या छपरावर चढवली आणि भिंतीआडून नळी आणून तोटीला जोडली. मग आळीतल्या बायकांनी शिडीवर उभं राहून हंडे वर पोचवले. कोणी एक, कोणी दोन. टँकर येऊन गेल्यानंतर जपून ठेवलेलं पाणी.

"सुनेच्या हातचा च्या पाजशील तवा फिटंल," असं म्हणत, हसत, चेष्टा करत त्या पाणी देत होत्या. पण रिकामा हंडा खाली घेताना प्रत्येकीने एकदा आत बघितलं होतं.

पावणे ओटीवर बसले. खारशेतात पाहुण्याला अर्धा पेला पाणी देतात, आणि आणखी हवं का ते विचारून पुन्हा भरतात. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. आज मात्र पेले काठोकाठ भरले होते. पावण्यांनी दोन दोन घोट घेतले आणि पेले खाली ठेवले. पोहे झाले, चहा झाला, तरी ते भरलेले पेले तसेच. काळुराम मुलीच्या बापाशी, महिपतींशी, भाताच्या बियाण्याबद्दल बोलत होता. पुतळीबाईला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. तिची नजर पुन्हा पुन्हा पेल्यांवर जात होती, आणि त्या नजरेची तिलाच चीड येत होती. पोराच्या जन्माचा सवाल आहे आणि आपण पेले मोजतो आहोत!

मुलीची आई विमलबाई आल्यापासून फारशी बोलली नव्हती. तिने पायांवर जेमतेम पाणी घेतलं होतं. आता ती उठली.

"हात धुते जरा. मागं मोरी आसंल ना?"

अंगणात वाहता नळ सोडून जी बाई मागच्या मोरीत हात धुवायला जाते ती हात धुवायला जात नसते, हे पुतळीबाईला पुरतं ठाऊक होतं. तिच्या लेकीला, मालूला, रोह्याकडे द्यायचं ठरत होतं तेव्हा ती स्वतः अशीच मागे गेली होती. तेसुद्धा मुद्दाम ऐन उन्हाळ्यात जाऊन. विहिरीत वाकून बघितलं होतं, पाणी दिसलं तेव्हाच होकार दिला होता.

पुतळीबाईच्या बापाला ही अक्कल नव्हती. त्याला तिच्या सासरच्यांनी इथे श्रावणात बोलावलं होतं. तळं भरलेलं, शेतं हिरवीगार, पागोळ्या गळतायत. बाप खुशीत घरी परतला आणि पोरीला म्हणाला, तुला तिथं कशाची ददात नाही. होळी झाली आणि पुतळीला कळलं. आटलेल्या तळ्याच्या काठी हंडा घेऊन बसलेल्या त्या कोवळ्या पोरीने सासूला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आज उघड म्हणायचं झालं तर शांतीसुद्धा कानांवर हात ठेवील.

ती तांब्या भरून विमलबाईच्या पाठोपाठ गेली. विमलबाईने हात पुढे केले. पुतळीबाईने तांब्या वाकडा केला, आणि तिच्या उजव्या पायाने कोपऱ्यातलं घमेलं सरकवत नेमकं त्या हातांखाली आणलं. पायाला कोणी सांगितलं नव्हतं. या मोरीत कोणाच्याही हातावर पाणी पडलं की इतकी वर्षं तो पाय घमेल्याकडे जात आला होता, तसा आजही गेला.

पाणी घमेल्यात वाजलं. पुतळीबाईला आपल्याच पायावर वरवंटा घालावासा वाटला.

"ह्ये कशाला?" विमलबाईने विचारलं.

"सवय," पुतळीबाई म्हणाली. "तोंडलीच्या येलाला होतं."

विमलबाईने परसातल्या वेलाकडे बघितलं. मग ती मोरी बघू लागली. पिंपाच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. रिकामे हंडे पालथे. ताटं राखेने घासून नुसती पुसून ठेवलेली. तांदळाचं धुवण टाकून न देता पातेल्यात झाकलेलं, कारण त्यात संध्याकाळची डाळ शिजायची होती. आंघोळीच्या पाटाखाली आणखी एक घमेलं.

"नळ रोज येतो ना?" तिने हळूच विचारलं.

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. त्या एका शब्दासाठी आळीने टाकी भरली होती, त्यासाठीच हैबतरावांच्या चपला धुऊन निघाल्या होत्या. शब्द जिभेवर आला. तो बाहेर पडला की ही बाई घरी जाऊन लेकीला सांगणार, पाणी हाय गो बाय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पोर याच मोरीत उभी राहून पुतळीबाईला ते सगळं म्हणणार, जे पुतळीने आपल्या सासूला म्हटलं होतं.

"नाय," ती म्हणाली. "वर टाकी बसवलीय. आळीतल्या बायांनी भरलीय. तुमच्यासाठी."

विमलबाई रागावली नाही. रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर पुतळीबाईला बरं वाटलं असतं.

"तुमची लेक कुठं दिली?"

"रोह्याकडं."

"पानी बघून?"

"व्हय."

"मंग मी काय करू? तुमीच सांगा, बाय."

नका देऊ, असं पुतळीबाईला म्हणवत नव्हतं. द्या, असं म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

"पोरगा चांगला हाय माझा," ती म्हणाली.

"हाय," विमलबाई म्हणाली. "पोरात खोट नाय."

तिने पदराला हात पुसले आणि ती ओटीवर आली. आपल्या जागी बसून तिने तो भरलेला पेला उचलला आणि सगळं पाणी प्यायली. अगदी सावकाश, तळापर्यंत. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमचाबी पेला संपवा." महिपतींना काही उमगलं नाही, पण त्यांनी संपवला. हैबतराव मात्र चहावर पाणी पीत नसत.

निघताना फाटकाशी हैबतरावांनी काळुरामच्या पाठीवर थाप मारली. "आपल्याला तर घर पसंत हाय बुवा. पान्याची तर नुसती चैन!"

"घरी बोलून कळवतो," विमलबाई म्हणाली. शिवाने वाकून नमस्कार केला तेव्हा तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. पुतळीबाईने ते बघितलं आणि उरलीसुरली आशा तिथेच सोडली.

मिनीडोर बांधावरून वळेपर्यंत आळी शहाण्यासारखी आत बसून राहिली. मग एकेक दार उघडलं आणि बायका हंडे घेऊन आल्या. टाकीत जे उरेल ते वाटून न्यायचं, असंच ठरलं होतं. सगळ्यांच्या पुढे शांती.

"काय म्हनली?" कोणीतरी विचारलं.

"कळवतो म्हनली."

"काय कळवनार नाय," शांतीने हंडा जमिनीवर आपटला. "मी परसाकडच्या कुडाच्या मागं होते. सगळा ऐकला मी." तिचा आवाज चढला. "काल पोरांना आंघोळ नाय घातली गो मी. दोन हंडे दिले तुझ्या टाकीत. त्या भोपळ्यानं त्यात चपला धुतल्या, त्या पन बघितल्या, दात आवळून गप बसले. आनि तुझ्या तोंडातनं एक शब्द निघाला नाय? एक?"

काळुराम आत निघून गेला.

शांती बोलत होती त्यात वावगं काही नव्हतं, म्हणूनच पुतळीबाईला तिचा राग आला. मग त्या मागच्या गावांचा आला, जी आधी भरून घेतात. टँकरवाल्याचा आला. श्रावणात येऊन खुशीत परत गेलेल्या बापाचा आला. पोराचं लग्न करायचं तर अंगणात पाण्याचा तमाशा मांडावा लागतो, आणि तोही आपल्याला धड मांडता आला नाही, या सगळ्याचाच आला. ती अंगणातल्या चिखलाकडे बघत राहिली. हैबतरावांनी पाय धुतले तिथे शेजारच्या कोंबड्या येऊन चोची बुडवत होत्या.

"तुझ्या येलेला तू बोल खोटं," ती शांतीला म्हणाली. "पानी मी देईन."

शांतीने पदराने नाक पुसलं.

घराच्या मागून खडखड आली. शिवाने नवा शर्ट काढून खुंटीला लावला होता आणि बनियनवर तो शिडी चढत होता. वर पोचून त्याने टाकीच्या नळीला हात घातला.

"ऱ्हाव दे ती," पुतळीबाईने खालून हाक दिली. "नळी काढू नको. ऐतवारी शांतीला लागंल."

शिवा शिडीवर तसाच थांबला. तिथून त्याला बांधावरचा रस्ता दिसत असणार, कारण तो थोडा वेळ तिकडेच बघत होता. मग तो खाली उतरला.

पुतळीबाईने शांतीचा हंडा ओढून तोटीखाली लावला आणि तोटी सोडली. टाकीत फार उरलं नव्हतं. मागच्या दाराने शिवा मोरीत गेला, विमलबाईच्या हातांखालचं घमेलं त्याने दोन्ही हातांनी उचललं, आणि हिंदकळू न देता ते तोंडलीच्या वेलाकडे नेलं.